चाल कोणाची?

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



निमंत्रणाच्या पत्रात मला ‘नाट्यपदे आणि आपण’ असा विषय सुचवला होता. मी उलट कळवले की नाट्यपदांपर्यंत मी येईन, पण वाटेत न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत आणि जोहान्सबर्गमध्ये थोडा थांबेन. कार्यवाहांनी ‘चालेल, पण वेळेत परत या’ एवढेच उत्तर धाडले. त्यांच्या या उदारपणाचा मी आज पुरेपूर फायदा घेणार आहे.

आपल्या गोव्यात लग्नाच्या रिसेप्शनला बँड लागतो, हे बाहेरच्यांना सांगावे लागते, तुम्हाला नाही. माझा भाचा अशा एका बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. १९९७ सालची गोष्ट. त्यांच्या घरी जागा नव्हती म्हणून ही चार-पाच पोरे माझ्या बलकांवात सराव करायची. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होतो आणि संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासत आतल्या खोलीत बसायचो. एकदा मी विचारले, ‘‘ही गाणी तुम्हीच केलेली का रे?’’ तो म्हणाला, ‘‘न्हय मामा, कव्हर.’’ कव्हर म्हणजे जूनमध्ये पुस्तकांना खाकी कागदाचे घालतात ते, एवढेच मला ठाऊक. त्याने समजावले, दुसऱ्याचे गाणे आपण आपल्या पद्धतीने म्हणायचे, त्याला कव्हर म्हणतात. मी म्हटले, मग आमचे अर्धे नाट्यसंगीत कव्हरच की! हे मी थट्टेत बोललो होतो. ते किती खरे आहे हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

त्याने मला एक कॅसेट ऐकायला दिली. बँडचे नाव ‘निर्वाणा’. नाव वाचून मला ती भजनांची कॅसेट वाटली आणि ऐकल्यावर तो समज टिकला नाही. न्यूयॉर्कमधल्या सोनी म्युझिकच्या स्टुडिओत १८ नोव्हेंबर १९९३ रोजी, मोजक्या श्रोत्यांसमोर, एमटीव्ही या वाहिनीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमासाठी झालेली ती मैफल. एरवी कानठळ्या बसवणारा हा बँड त्या दिवशी साध्या गिटारी घेऊन बसला होता. त्यांचा गायक कर्ट कोबेन पुढे पाच महिन्यांच्या आत, एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. कॅसेट बाजारात आली ती त्यानंतर. त्यामुळे ती ऐकणारे सगळे जण ती जड मनानेच ऐकतात. माझे तसे झाले नाही, कारण मला तो कोण हेच माहीत नव्हते. मला त्याचा आवाज फाटका वाटला आणि उच्चार अस्पष्ट. बालगंधर्वांच्या तबकड्यांवर वाढलेल्या माणसाने आणखी काय म्हणावे?

पण भाच्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली. ‘‘मामा, यांत चौदा गाणी आहेत आणि त्यांतली सहा त्यांची नाहीत.’’ जगभर नाव झालेल्या बँडने, लोक ज्या गाण्यांसाठी जीव टाकतात ती सोडून, दुसऱ्यांची सहा गाणी का म्हणावीत? आणि दुसरे म्हणजे कोण? एक गाणे डेव्हिड बोवीचे, म्हणजे मोठ्या माणसाचे. एक हडी लेडबेटर ऊर्फ लेडबेली या १९४९ साली वारलेल्या कृष्णवर्णीय लोकगायकाच्या परंपरेतले. एक स्कॉटलंडमधल्या ‘व्हॅसलीन्स’ नावाच्या, एकच पूर्ण तबकडी काढून मोडलेल्या बँडचे. आणि तब्बल तीन गाणी ‘मीट पपेट्स’ या, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बँडची. नुसती गाणी घेऊन तो थांबला नाही. त्या बँडमधल्या कर्ट आणि क्रिस या कर्कवुड बंधूंनाच त्याने मंचावर शेजारी बसवले. त्यांची गाणी, शेजारी तेच, आणि हा फक्त गातो आहे. वाहिनीला याहून नामांकित पाहुणे हवे होते, असे त्या कार्यक्रमाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. गाणे कोणाचे हेही तो मध्ये मध्ये बोलून दाखवतो. बोवीचे गाणे संपताच त्याने बोवीचे नाव घेतले आहे. व्हॅसलीन्सच्या गाण्याआधी त्यांचे नाव घेतले आहे.

मग मी मूळ गाणी शोधू लागलो. पणजीला एका दुकानात सांगून ठेवायचे, महिन्याने जाऊन विचारायचे, असा तो काळ. ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ हे बोवीचे १९७० सालचे गाणे प्रथम मिळाले. माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी मूळ गाणे आणि कव्हर यांना दहापैकी गुण द्यायला बसलो. बोवीला आठ, कोबेनला सहा. भाचा हसला. म्हणाला, ‘‘मामा, मार्क देऊ नका. त्यांनी काय काढून टाकले ते आधी ऐका.’’

रसिकहो, तुलना कशी करावी यावर मी पुष्कळ जाड पुस्तके वाचली आहेत. या एका वाक्याइतके कोणतेच माझ्या कामी आले नाही. कव्हर ऐकताना आपले लक्ष नवीन काय घातले याकडे जाते. जे गाळले आहे ते ऐकू येण्यासाठी मूळ कानात असावे लागते. बोवीच्या मूळ गाण्यात मिक रॉन्सनची विजेवरची गिटार तोच एक वळसा पुन्हा पुन्हा घेते, मागे खरवडल्यासारखा एक ताल चालू असतो, आणि बोवीचा आवाज मुद्दाम असा करून घेतला आहे की भिंतीपलीकडून कोणी बोलावे. शेवटी शब्द संपतात आणि नुसत्या आवाजांचा एक घोळका वर वर चढत जातो. कोबेनने तो खरवडता ताल काढला, आवाजावरची भिंत काढली, आणि शेवटच्या घोळक्याच्या जागी गिटारीचा तोच वळसा एकट्याने घोळवत ठेवला. साथीला लोरी गोल्डस्टन यांचा चेलो. मूळ गाण्यात स्वतःचाच कोणी दुसरा भेटल्याची गोष्ट आहे. बोवीत ती चमत्कारिक वाटते. कोबेनमध्ये दुसरा कोणी उरतच नाही, माणूस एकटाच बसलेला असतो. बोल तेच आणि चालही तीच.

याच गाण्याचे तिसरे रूप मला फार उशिरा मिळाले. लुलू या स्कॉटिश गायिकेने ते १९७४ साली म्हटले, स्वतः बोवीने त्यात सॅक्सोफोन वाजवला आणि ब्रिटनच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. ते ऐकताना एखाद्या रात्रीच्या क्लबात बसल्यासारखे वाटते. ही तीन रूपे एका बैठकीत ऐकली की मला आपल्या एकाच चिजेची दोन-तीन घराणी आठवतात. बंदिश एक, पण एक गवई ती सांभाळून ठेवतो, दुसरा उलगडतो, तिसरा तिला नाचवतो. तिथे आपण मूळ कोणते असे विचारत नाही. कोणाकडून आली असे विचारतो. हा फरक लहान दिसतो खरा, पण माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा भार त्याच्यावर आहे.

मीट पपेट्सची १९८४ सालची तबकडी मात्र मला सोसली नाही, हे कबूल करतो. कर्ट कर्कवुड इतके बेसूर गातात की पहिल्यांदा मला टेपरेकॉर्डर बिघडला असे वाटले. पण ती तीन गाणी कोबेनच्या तोंडून आधी ऐकलेली होती, म्हणून मी टिकून राहिलो. चौथ्यांदा ऐकताना लक्षात आले की ते बेसूर गाणे निष्काळजी नाही. वाळवंटातल्या उन्हात फिरून आलेल्या माणसाच्या बडबडीसारखे ते आहे आणि त्या शब्दांना तसेच गाणे शोभते. कोबेनने ते सुरात आणले नाही, कळवळ्यात आणले. कव्हरमुळे अपरिचित बँड कळतो तो असा. आधी ओळखीचा माणूस आपल्याला हाताला धरून त्यांच्या दारापर्यंत नेतो, पुढे आपण एकटे आत जातो. त्या मैफलीनंतर मीट पपेट्सच्या १९९४ सालच्या तबकडीला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा खप मिळाला, हे इथे सांगायला हवे.

व्हॅसलीन्सची साखळी तर आणखी गमतीची. लहान मुलांच्या रविवारच्या शाळेत म्हणायचे एक जुने ख्रिस्ती गीत. त्याच्यावर ग्लासगोच्या यूजीन केली आणि फ्रान्सिस मकी यांनी उपरोधिक गाणे रचले. ते निर्वाणाने घेतले, त्याचे शीर्षक किंचित बदलले, आणि त्या दिवशी क्रिस्ट नोव्होसेलिकने त्यात ॲकॉर्डियन वाजवला. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आजीबाईंना मी ते ऐकवले. त्यांना सगळा उपरोध निसटला, पण शीर्षकावरून मूळ गीत मात्र त्यांनी तत्क्षणी ओळखले आणि दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. साखळीच्या एका टोकाला मी होतो आणि दुसरे टोक कुंपणापलीकडे निघाले.

आता जोहान्सबर्ग. १९३९ साली तिथे सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने ‘इव्हिनिंग बर्ड्स’ या आपल्या चमूबरोबर ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. म्बुबे म्हणजे सिंह. ध्वनिमुद्रण चालू असताना, शेवटाकडे, लिंडाने वरच्या पट्टीत एक स्वरावली सुचेल तशी गाऊन टाकली. गाण्याचे हक्क त्याने नाममात्र पैशांत कंपनीला देऊन टाकले. काही वर्षांनी ती तबकडी अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती आली. त्यांनी ऐकून ऐकून गाणे उतरवले. कोरसमध्ये मूळ शब्द होता ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’. सीगरना तो ‘विमोवे’ असा ऐकू आला, आणि ‘वीव्हर्स’ या त्यांच्या चमूने तो तसाच गाजवला. १९६१ मध्ये ‘टोकन्स’ या चमूने इंग्रजी शब्द घालून त्याचे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ केले. जगाला जी चाल माहीत आहे ती लिंडाने त्या दिवशी शेवटाकडे सहज गायलेली स्वरावली. १९६२ साली लिंडा गरिबीत वारला. १९९४ साली हे गाणे डिस्नेच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटात आले. २००० साली रिअन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने सगळा इतिहास छापला, खटला उभा राहिला, आणि २००६ मध्ये लिंडाच्या कुटुंबाशी तडजोड झाली. मुद्रणापासून सदुसष्ट वर्षांनी.

मी भाषेचा मास्तर असल्यामुळे मला त्या चुकीच्या ऐकलेल्या शब्दाने फार छळले. पीट सीगर हे वाईट गृहस्थ नव्हते. लिंडाकडे पैसे पोचावेत असा प्रयत्न त्यांनी केला होता. पण ‘उयिम्बुबे’ जोवर ‘उयिम्बुबे’ होता तोवर कोणीही विचारले असते, हा शब्द कुठल्या भाषेतला, गाणारा कोण? ‘विमोवे’ झाल्यावर तो शब्द कुठलाच राहिला नाही. तबकडीवर रचनाकार म्हणून ‘पॉल कॅम्पबेल’ असे नाव होते आणि या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. ते वीव्हर्सनी स्वतःसाठी घेतलेले टोपणनाव. दार बंद झाले, एवढेच नव्हे, तर त्याच्यावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली.

अमेरिकेतही हेच. ‘हाउंड डॉग’ म्हटले की एल्व्हिस प्रेस्ली, १९५६. ते आधी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने गाजवले होते हे किती जणांना ठाऊक असते? दोन्ही ऐका. मी त्यावर जास्त बोलत नाही, कारण तिचे ऐकल्यावर बोलायला काही राहत नाही.

आणि आपण गोवेकरांनी तरी दूर कशाला जावे? मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद कोणी उभे केले? सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. आपल्याच गावांतून, चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकून गेलेली माणसे. पडद्यावरच्या नामावलीत त्यांना कित्येकदा जागा मिळाली नाही. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या या गुरूचे नाव १९७७ साली एका चित्रपटगीतात घातले, तेव्हा कुठे ‘अँथनी गोन्साल्विस’ हे शब्द घरोघर पोचले. आणि तरीही लोकांना ते एका विनोदी पात्राचे नाव वाटले.

कायद्याचा इथे एक विचित्र नमुना आहे. १९८०च्या दशकात आपल्याकडे ‘व्हर्जन’ कॅसेटचा सुळसुळाट झाला होता, हे तुमच्यातल्या चाळिशीपुढच्यांना आठवत असेल. जुनी गाणी, नवे आवाज, निम्मी किंमत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमाचा त्यासाठी आधार घेतला जाई. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला आणि कलम ३१-सी आले. मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबायचे, गीतकार आणि संगीतकारांचे मानधन आगाऊ भरायचे, किमान पन्नास हजार प्रतींचे. हे सगळे उत्तमच. पण त्याच कलमात असेही आहे की कव्हरच्या वेष्टनावर आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र घालता येणार नाही. हेतू चांगला आहे. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये. परिणाम मात्र असा की मूळ गायकाकडे नेणारी वाट नेमकी वेष्टनावरून पुसली जाते. कायद्याने हक्क सांभाळला आणि ओळख सोडून दिली. वकील मंडळी सभेत असतील त्यांनी मला चहाच्या वेळी दुरुस्त करावे.

आता मी कबूल केल्याप्रमाणे वेळेत परत येतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांपासूनच्या संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ असते. ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी लावणी, कधी साकी, कधी हिंदुस्थानी चीज, कधी कानडी पद. लहानपणी देवळाच्या उत्सवात नाटक बसायचे तेव्हा मी प्रॉम्प्टिंगला असायचो. ती ओळ मला नेहमी मधली अडचण वाटे. काही ठिकाणी तर शब्द असे विचित्र की मी त्यांना छापखान्याची चूक समजत असे. पुढे बेळगावच्या एका स्नेह्याला पुस्तक दाखवले, तर तो वाचता वाचता एकदम गाऊच लागला. ती छापखान्याची चूक नव्हती, देवनागरीत छापलेले कानडी होते. त्याची आजी ते पद म्हणत असे. किर्लोस्कर स्वतः बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या कानात कानडी चाली असणारच. १८८० साली पुण्याला ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा मराठी प्रेक्षकांनी ज्यावर माना डोलावल्या त्यांत कानडी आईच्या मांडीवरचेही काही होते. आणि ते लपवलेले नव्हते, पदाच्या डोक्यावर छापलेले होते.

माझ्या भाच्याला मी हे दाखवले तेव्हा तो चकित झाला. म्हणाला, ‘‘मामा, तुमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच क्रेडिट द्यायचे?’’ मी छाती फुगवून हो म्हटले, आणि त्याच रात्री मला झोप लागली नाही. का, ते सांगतो. हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

१९८३ साली मी शाळेत नवा होतो. स्नेहसंमेलनासाठी मुलांचे एक छोटे संगीत नाटक लिहिले. त्यातल्या एका पदाला चाल सुचेना. आमच्या गावात चतुर्थीला घरोघर घुमट-आरत्या म्हणणारी एक मंडळी होती. घुमट, शामेळ, कासाळे, आणि पुढे गाणारे एक वयस्क गृहस्थ. दिवसा ते बागायतीत कामाला जात. पारंपरिक आरत्यांना ते स्वतःच्या चाली लावत. त्यांची एक चाल माझ्या कानात लहानपणापासून होती. मी ती उचलली, लय थोडी वाढवली, पेटी-तबला घातला. पद बसले, मुलांनी सुरेख म्हटले. कार्यक्रमपत्रिकेत छापले होते: ‘लेखन, पदरचना व संगीत’, आणि पुढे माझे नाव. नाट्यपदांच्या डोक्यावरची ती बारीक ओळ मी शेकडो वेळा वाचलेली. स्वतःची वेळ आली तेव्हा ती लिहायचे मला सुचले नाही, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत होतो. खरे म्हणजे सुचले होते. संगीत नाटकात रामपाऱ्यातल्या आरतीची चाल, हे लिहिणे मला कमीपणाचे वाटले.

ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचा नातू नाटकात होता. संपल्यावर मला भेटायला आले, हात जोडले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, बरें बसलें.’’ एवढेच. त्यांना ओळखू आले नसेल अशी आशा मी काही दिवस बाळगली. ज्याने चाल बांधली त्याला ती ओळखू येणार नाही?

पुढे ते वारले. ती आरती-मंडळीही पांगली. माझे पद मात्र शाळेत टिकले. दर वर्षी कोणी ना कोणी म्हणायचे. आणि काही वर्षांपूर्वी चतुर्थीला असे झाले, की माझ्याच माजी विद्यार्थ्यांच्या नव्या आरती-मंडळींनी एका घरी आरती म्हटली. त्या घरात तो नातू होता, आता चाळिशीतला. आरती संपल्यावर मुले त्याला उत्साहाने म्हणाली, ‘‘ही आमच्या सरांची चाल. आम्ही ती आरतीला लावली.’’

बोवीने एकदा सांगितले होते की स्वतःचे गाणे म्हटल्यावर पोरे येऊन त्याला शाबासकी देत, निर्वाणाचे गाणे छान म्हटलेत म्हणून. तो प्रसंग वाचून मी पूर्वी हसलो होतो. नातवाने फोन करून मला हे सांगितले तेव्हा तोही हसतच होता. मला हसता आले नाही. बोवीचे नाव कोबेनने घेतले होते, तरी पोरे विसरली. मी तर घेतलेच नव्हते.

मी त्याला म्हटले, अकादमीच्या अंकात लिहितो, आजोबांचे नाव छापतो. तो म्हणाला, ‘‘सर, तो अंक आमच्या वाड्यावर कोण वाचतलो? हांगा येयात आनी मुखार सांगात.’’ अंकात आत्ताच नाव घालू नका, आधी गावाला कळू दे, असेही तो म्हणाला. म्हणून या छापील पानावर ते नाव नाही. तो सांगेल तेव्हा घालीन.

गेल्या चतुर्थीला मी गेलो. पाचव्या दिवशीची रात्र, माटोळीखाली दाटीवाटीने बसलेले लोक, घुमटे तापवून आणलेली. माझ्या विद्यार्थ्यांना मी थांबवले आणि उभा राहून सगळे सांगितले. कार्यक्रमपत्रिका बरोबर नेली होती, तीही दाखवली. बोलताना आवाज नीट लागला नाही. कोणी काही म्हणाले नाही. मग मागून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, ‘‘मागीर तांची दुसरी चाल कोण म्हणटा?’’ दुसरी कोणती, ते आम्हांपैकी कोणालाच माहीत नव्हते. त्या गृहस्थांच्या कासाळेवाल्याची ही धाकटी बहीण. त्यांनी बसल्या जागेवरून सुरुवात केली. दोन ठिकाणी अडल्या, पुन्हा मागे जाऊन घेतले. शामेळ वाजवणारा मुलगा आधी नुसता ऐकत होता. तिसऱ्या कडव्याला त्याने हळूच हात लावला.

त्यांना अशा चार चाली येतात. भाच्याने बलकांवात बसून त्यांपैकी तीन मुद्रित केल्या आहेत. चौथीच्या वेळी बाईंचा घसा बसला होता. त्यासाठी आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.